भाडेवाढीची मर्यादा: कायदा कुणाला सांभाळतो, कुणाला नाही



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांनी आयुष्यभर वकिली केली. घरमालक आणि भाडेकरू यांच्यातले कितीतरी तंटे कोर्टाची पायरी चढण्याआधी त्यांच्या बैठकीत मिटत असत. माझीही बरीच वर्षं याच कामात गेली आहेत. म्हणून त्यांच्या नावानं बोलायची संधी मिळाल्यावर विषय शोधावा लागला नाही. घरभाडं किती वाढवता येतं, कायदा त्याला कुठे थांबवतो आणि कुठे थांबवत नाही, एवढंच आज मांडणार आहे.

भाडं वर्षाला किती वाढवता येतं, असं कुणालाही विचारा. ज्याला थोडीफार माहिती आहे तो लगेच सांगेल, चार टक्के. उत्तर बरोबर आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ११ मध्ये हा आकडा आहे. अडचण अशी, की आज हा प्रश्न घेऊन जे माझ्याकडे येतात, त्यांतल्या बहुतेकांना हे उत्तर लागूच होत नाही. अकरा महिन्यांच्या करारावर राहणारी नोकरदार जोडपी, शिक्षणासाठी शहरात आलेली मुलं, बदलीवर आलेले बँकेतले लोक हा आकडा मोबाइलवर वाचून येतात आणि म्हणतात, "साहेब, मालक दहा टक्के मागतायत, कायदा तर चारच सांगतो." त्यांना सांगावं लागतं, की हा कायदा तुमच्यासाठी नाही. तुम्ही घरात राहता, दरमहा पैसे देता, पण कायद्याच्या लेखी तुम्ही भाडेकरू नाही.

हे असं का झालं ते समजून घेतल्याशिवाय चार टक्क्यांचा अर्थ कळत नाही. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

मुंबईत भाड्याला कायद्यानं पहिला लगाम बसला तो पहिल्या महायुद्धात, १९१८ साली. गिरण्या जोरात होत्या, माणसं कोकणातून आणि घाटावरून येत होती, बांधकाम ठप्प होतं, आणि एकेका खोलीसाठी तोंडाला येईल ते भाडं मागितलं जात होतं. तो कायदा तात्पुरता होता. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर, १९३९ मध्ये, पुन्हा तसाच कायदा आला. स्वातंत्र्याच्या वर्षी मुंबई भाडे, हॉटेल व लॉजिंग हाउस दर नियंत्रण अधिनियम, १९४७ मंजूर झाला आणि फेब्रुवारी १९४८ पासून अमलात आला. आपल्याकडची माणसं 'भाडेकायदा' किंवा 'बॉम्बे रेंट ॲक्ट' म्हणतात तो हाच.

या कायद्यानं एक तारीख धरली, १ सप्टेंबर १९४०. त्या दिवशी ज्या भाड्यानं जागा दिलेली होती, ते तिचं प्रमाण भाडं. त्याहून जास्त घेणं बेकायदा. फाळणीनंतरचे दिवस होते, निर्वासितांचे लोंढे येत होते. त्या वेळी हा निर्णय माणुसकीचा होता आणि आवश्यकही होता. तो नसता तर गिरणगावातल्या कित्येक कुटुंबांना मुंबई सोडावी लागली असती. आज या कायद्याला नावं ठेवणारे पुष्कळ आहेत. त्यांनी त्या चाळींमध्ये वाढलेल्या मुलांचा विचार करावा. स्वस्त आणि पक्की जागा होती म्हणून शिकता आलेली एक अख्खी पिढी महाराष्ट्रानं पाहिली आहे.

पण कायदा तात्पुरता म्हणून आला आणि मुदतवाढ घेत घेत पन्नास वर्षं राहिला. तारीख मात्र हलली नाही. ज्वारीचे, सिमेंटचे, गवंड्याच्या मजुरीचे भाव कितीतरी पटींनी वाढले, आणि प्रमाण भाडं १९४० च्या आसपासच उभं राहिलं. एखादी जुनी भाडेपावती हातात घेऊन पाहा. पिवळा पडलेला लांबट कागद, वर मालकाचं छापील नाव, खाली महिना, आणि रकमेच्या रकान्यात शाईनं लिहिलेलं साडेसात रुपये. पुढे पाणीपट्टी, उपकर असे बारीक आकडे जोडून एकूण अकरा-बारा रुपये. अशा पावत्यांची पुडकी पुराव्यासाठी कोर्टात येतात. त्या पैशांत मालकानं छप्पर शाकारायचं, संडासाची पाइप बदलायची, लाकडी जिना सांभाळायचा. ते झालं नाही. मालकानं दुरुस्तीतून हात काढून घेतला, आणि भाडेकरूला वाटलं, घर माझं नाही, मी का खर्च करू. दोघांच्या मधे इमारत खचत गेली. शेवटी १९६९ मध्ये राज्याला दुरुस्ती मंडळ स्थापन करावं लागलं. तेव्हा मुंबई शहरात उपकरप्राप्त म्हणून नोंदलेल्या इमारती होत्या १९ हजार ६४२. दुरुस्तीचा भार उपकर लावून, शेवटी सरकारनं उचलला. पुण्यातल्या पेठांमधल्या वाड्यांचीही गत वेगळी झाली नाही.

आणि दुसऱ्या बाजूनं पागडी आली. भाडं गोठलेलं, पण जागेची किंमत आभाळाला भिडलेली. मग फरकाची रक्कम हातोहात, विनापावती घेतली जाऊ लागली. कायद्यानं ती गुन्हा ठरवली होती आणि शहर तिच्यावरच चाललं होतं. भाड्यावर मर्यादा घालताना ती वेळोवेळी हलवायची व्यवस्था ठेवली नाही, तर पैसा दुसऱ्या दारानं आत येतो. गेल्या शतकातल्या मुंबईनं हे पुरतं सिद्ध केलं आहे.

सर्वोच्च न्यायालयानं हे सगळं शेवटी स्पष्ट बोलून दाखवलं. मालपे विश्वनाथ आचार्य विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्याचा निकाल १९ डिसेंबर १९९७ रोजी लागला. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं, की कायदा झाला तेव्हा रास्त होता, पण काळ बदलल्यावरही भाडं तिथेच गोठवून ठेवणं मनमानीचं ठरतं. एका वर्गाला सांभाळताना दुसऱ्यावर इतका अन्याय करता येत नाही. कायद्याची मुदत ३१ मार्च १९९८ ला संपणारच होती, म्हणून न्यायालयानं ती कलमं रद्द करायचं टाळलं आणि विधिमंडळानं नवा, न्याय्य कायदा करावा अशी अपेक्षा ठेवली. त्यातून १९९९ चा कायदा आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यानं आणखी एक काम केलं, ज्याकडे मुंबई-पुण्याचे लोक सहसा पाहत नाहीत. तोवर विदर्भात १९४९ चा मध्य प्रांत व वऱ्हाडचा भाडे नियंत्रण आदेश होता आणि मराठवाड्यात हैदराबादचा १९५४ चा कायदा. नागपूर, औरंगाबाद, मुंबई अशा तिन्ही ठिकाणी नियम निराळे. ते तिन्ही जाऊन राज्यभर एक कायदा झाला.

आता या कायद्यातली वाढ नीट पाहू. पाया बदलला. १ ऑक्टोबर १९८७ ला जे भाडं होतं ते प्रमाण भाडं धरलं गेलं. आधीच्या कायद्यांखाली कोर्टानं किंवा नियंत्रकानं भाडं ठरवून दिलं असेल, तर ते अधिक ५ टक्के. त्यावर कायदा सुरू झाल्यापासून दरसाल ४ टक्के वाढ घ्यायचा मालकाला हक्क. यासाठी भाडेकरूची संमती लागत नाही. याशिवाय दोन-तीन वाटा आहेत. भाडेकरूंपैकी ७० टक्क्यांनी लेखी संमती देऊन इमारतीत सुधारणा किंवा संरचनेतले बदल केले असतील, तर त्या खर्चाच्या वर्षाला १५ टक्क्यांपर्यंत वाढ लावता येते. मोठ्या, विशेष दुरुस्त्यांसाठी निराळी वाढ आहे, पण ती प्रमाण भाड्याच्या २५ टक्क्यांपलीकडे नाही. आणि स्थानिक संस्थेनं कर वाढवले, तर त्या वाढीपुरती रक्कम भाडेकरूकडून घेता येते. याहून अधिक काही 'भाडं' म्हणून मागणं बेकायदा.

मालकांच्या बाजूनंही हिशेब करून पाहायला हवा. २००० साली ६० रुपये भाडं असलेली खोली घ्या. दरसाल वाढत्या रकमेवर ४ टक्के धरले, तरी पंचवीस वर्षांनी ते १६० रुपये होतं. पाया मुळात इतका खाली आहे, की टक्केवारीनं तो वर येत नाही. म्हणून जुन्या इमारतींच्या मालकांचं गाऱ्हाणं आजही संपलेलं नाही, आणि ते गाऱ्हाणं खरं आहे. चार टक्के हा दर म्हणून वाजवी आहे. तो कोणत्या रकमेवर लावायचा, हा खरा प्रश्न. १९९९ मध्ये विधिमंडळानं तो प्रश्न टाळला, असं माझं मत आहे. जुन्या भाडेकरूंना सांभाळायचं होतं तर ज्यांचं उत्पन्न खरोखर कमी आहे त्यांना वेगळं काढून सांभाळता आलं असतं. दक्षिण मुंबईत चार खोल्यांच्या प्रशस्त जागेत शंभर-दोनशे रुपयांत राहणारं सधन कुटुंब आणि चाळीतली एकटी म्हातारी, या दोघांना एकाच कलमाखाली घेणं कोणत्याच न्यायात बसत नाही.

भाडेकरूला मात्र या कायद्यात मोठं बळ आहे, आणि ज्यांना ते लागू आहे त्यांनी ते जाणून असावं. प्रमाण भाडं आणि कायद्यानं मान्य वाढ तो देत असेल किंवा द्यायला तयार असेल, तर केवळ जास्त भाडं मिळवण्यासाठी मालक त्याला काढू शकत नाही. भाडं थकलं तरी आधी नोटीस, नोटिशीनंतर ९० दिवस, आणि मगच दावा. दावा झाल्यावरही समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत थकबाकी १५ टक्के साध्या व्याजासह भरली, तर थकबाकीच्या कारणासाठी घर जात नाही. मालक भाडं घेत नसेल तर मनीऑर्डर करा आणि परत आलेला फॉर्म जपून ठेवा. भाडं घेतल्याची पावती देणं मालकाला बंधनकारक आहे. पाणी किंवा वीज तोडून दबाव आणणं हा गुन्हा आहे आणि ते पूर्ववत करून देण्याचा आदेश कोर्ट देऊ शकतं. मुंबईत हे सगळं धोबी तलावाजवळच्या लघुवाद न्यायालयात चालतं. बाहेरगावी लघुवाद न्यायालय असेल तर तिथे, नाहीतर दिवाणी न्यायाधीशांपुढे.

आता दुसऱ्या बाजूला येऊ, जिथे आज शहरातला तरुण भाड्यानं राहणारा माणूस उभा आहे.

लिव्ह अँड लायसन्स हा शब्द आता प्रत्येक घरात गेला आहे. कायद्यात लायसन्सची व्याख्या आहे ती भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ५२ मध्ये. दुसऱ्याच्या मालमत्तेत काही करायची नुसती परवानगी, मालमत्तेत हक्क काहीच नाही. मालकाला हेच हवं होतं. भाडेकरू ठेवला तर तो पिढ्यान्‌पिढ्या हलत नाही, म्हणून लोक जागा 'परवान्यावर' देऊ लागले. सरकारला ही पळवाट दिसली. १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे परवाना घेऊन राहत होते त्यांना भाडेकरूचा दर्जा देणारी दुरुस्ती झाली. त्या एका दिवशी हजारो लोक भाडेकरू झाले. सरकारचा हेतू चांगला होता. पण मालकांच्या मनात जी भीती बसली, ती अजून गेलेली नाही. आज ज्याला जागा देतोय, उद्या सरकार त्यालाच कायमचा बसवेल, ही ती भीती. त्यानंतर कित्येकांनी घरं कुलूप लावून रिकामी ठेवली. २०१७–१८ च्या केंद्राच्या आर्थिक पाहणी अहवालात २०११ च्या जनगणनेच्या आधारानं मुंबईतल्या रिकाम्या घरांची संख्या सुमारे ४ लाख ८० हजार दिली आहे. ही सगळी घरं याच भीतीनं बंद आहेत असं मी म्हणणार नाही. पण ही भीती त्यात नक्की आहे.

१९९९ च्या कायद्यानं मालकाची ती भीती घालवायचं ठरवलं. कलम २४ म्हणतं, परवान्याची मुदत संपली की जागा मालकाची. राहणारा हलला नाही, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून ताबा मिळतो, आणि मुदतीनंतर राहिलेल्या काळासाठी ठरलेल्या रकमेच्या दुप्पट नुकसानभरपाई. लेखी करार हाच निर्णायक पुरावा. हे कलम झालं म्हणूनच आज पुण्या-ठाण्यात भाड्याची घरं मिळतात, हे मान्य केलं पाहिजे.

पण त्या बदल्यात राहणाऱ्याच्या हातात काय आलं? परवाना शुल्काला प्रमाण भाड्याची मर्यादा लागत नाही, हीच आज सर्वत्र वहिवाट आहे. चार टक्के नाहीत, दहा नाहीत, काहीच नाही. करारात लिहिलं असेल तेवढी वाढ. आणि मुदत संपल्यावर मालक म्हणेल ती रक्कम, पटत नसेल तर घर सोडा. एकीकडे पन्नास वर्षं न हललेलं भाडं आणि दुसरीकडे अकरा महिन्यांनी कितीही वाढू शकणारं भाडं. एकाच शहरात, कधीकधी एकाच इमारतीत. आपल्या कायद्यानं घरं सांभाळली किंवा मालक सांभाळले. भाडं भरून राहणाऱ्या माणसाचा विचार त्यानं कधी केलाच नाही, असं मला वाटतं.

हे प्रत्यक्षात कसं चालतं ते पाहा. करार करायला एजंट घरी येतो. सोबत लॅपटॉप, वेबकॅम आणि अंगठा घ्यायचं छोटं यंत्र. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सची ऑनलाइन नोंदणी होते आणि ती फार चांगली सोय आहे. आधार क्रमांक, फोटो, दोन साक्षीदार, मुद्रांक शुल्क भरलं, की अर्ध्या तासात काम संपतं. मसुदा ठरावीक असतो. त्यात कुठेतरी मधेच एक ओळ असते, 'नूतनीकरणाच्या वेळी मासिक शुल्कात १० टक्के वाढ राहील.' कुणी वाचत नाही. मालक चहा घेत असतो, बायकोला मुलाला शाळेतून आणायचं असतं, एजंट म्हणतो, "सर, स्टँडर्ड फॉरमॅट आहे." अंगठे उमटतात.

त्या दहा टक्क्यांचा हिशेब मांडू. २५ हजारांनी सुरुवात. दुसऱ्या करारात २७ हजार ५००, तिसऱ्यात ३० हजार २५०, चौथ्यात ३३ हजार २७५. हीच वाढ पाच टक्के असती तर चौथ्या करारात सुमारे २८ हजार ९४०. फरक महिन्याला चार हजारांहून जास्त. एका मुलाची शाळेची फी त्यात निघते. पगार दरसाल दहा टक्क्यांनी वाढणारी माणसं किती आहेत हे आपण आपल्याच घरात पाहतो. हा दहाचा आकडा कोणत्याही कायद्यात नाही. तो कुणी ठरवला ते मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही. मसुद्यातून मसुद्यात उतरत तो कायद्यासारखा पाळला जातो, इतकंच.

तरीही राहणाऱ्याच्या हातात काहीच नाही असं नाही. कराराची मुदत चालू असताना शुल्क मधेच वाढवता येत नाही. एका विद्यार्थ्याला सहाव्या महिन्यात मालकाचा निरोप आला, की मेंटेनन्स वाढला आहे, पुढच्या महिन्यापासून दोन हजार जास्त. त्यानं करार आणून दाखवला. मेंटेनन्स मालकानं भरायचा असं स्वच्छ लिहिलं होतं. मी त्याला चार ओळींचं सभ्य पत्र लिहायला सांगितलं, कराराचं कलम आणि तारीख घालून. मालक समजूतदार होते, मागणी मागे घेतली. दोघांचेही संबंध राहिले.

दुसरी गोष्ट, १९९९ च्या कायद्याचं कलम ५५. भाडेकरार असो की लिव्ह अँड लायसन्स, महाराष्ट्रात तो लेखी आणि नोंदणी केलेला असलाच पाहिजे. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, ही समजूत राज्याबाहेरून आलेली आहे. नोंदणी अधिनियम, १९०८ मध्ये एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे, म्हणून इतर राज्यांत अकरा महिन्यांची रीत पडली. आपल्याकडे एका महिन्याचा करारही नोंदवायला हवा, आणि जबाबदारी मालकाची आहे. नोंदवला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, नोंदणीकृत करार नसेल आणि वाद झाला, तर अटींबद्दल राहणारा जे सांगेल तेच ग्राह्य धरायचं, उलट सिद्ध होईपर्यंत. मालकमंडळी इथे बसली आहेत, त्यांना मुद्दाम सांगतो. हजार रुपयांची नोंदणी फी वाचवायला गेलात, तर वाढीबद्दल तुमचं म्हणणं कुणी ऐकणार नाही.

मालकांबद्दल बोलताना एक चूक आपल्या हातून नेहमी होते. मालक म्हटलं की डोळ्यांसमोर दहा फ्लॅटवाला गुंतवणूकदार येतो. माझ्याकडे येणारे मालक बहुतेक निवृत्त शिक्षक, विधवा बायका, परदेशातल्या मुलानं आईच्या नावावर घेऊन दिलेला एकच फ्लॅट असलेले. दर महिन्याचं भाडं हीच त्यांची पेन्शन. सोसायटीचा मेंटेनन्स आणि मालमत्ता कर वाढतोच आहे. त्यांना वाढ हवीच, आणि ती मिळालीच पाहिजे. म्हणून भाडं गोठवा असं कुणी म्हणालं, तर मी पहिला विरोध करीन. ती वाट आपण चालून पाहिली आहे.

मग मधली वाट काय? इतरांनी काय केलं ते पाहू. दिल्लीच्या १९५८ च्या कायद्यात १९८८ मध्ये दुरुस्ती होऊन दर तीन वर्षांनी १० टक्के वाढ मान्य झाली, पण महिना साडेतीन हजारांवरचं भाडं कायद्याबाहेर गेलं, म्हणजे आजची जवळजवळ सगळी दिल्ली बाहेर. केंद्रानं २०२१ मध्ये आदर्श भाडेकरार कायदा राज्यांना पाठवला. त्यात निवासी जागेसाठी डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त नको, आणि भाडं वाढवायचं तर तीन महिने आधी लेखी कळवायचं, या दोन गोष्टी चांगल्या आहेत. वाढ किती, हे मात्र करारावर सोडलं आहे. उत्तर प्रदेशाच्या २०२१ च्या कायद्यात निवासी जागेला वर्षाला ५ टक्के आणि बिगरनिवासीला ७ टक्के, असे आकडे आले. महाराष्ट्रात आजही १९९९ चाच कायदा आहे.

मला विचार करण्याजोगी वाटते ती कॅनडातल्या ओंटारिओची पद्धत. टोरांटोच्या परिसरात आता मराठी कुटुंबं खूप आहेत, त्यांच्या बोलण्यातून ती मला पहिल्यांदा कळली. तिथलं सरकार दरवर्षी महागाई पाहून वाढीचा आकडा जाहीर करतं. २०२३, २०२४ आणि २०२५ या तिन्ही वर्षांसाठी तो २.५ टक्के होता. बारा महिन्यांतून एकदाच वाढ, तीही ९० दिवस आधी लेखी कळवून. १५ नोव्हेंबर २०१८ नंतर पहिल्यांदा राहायला दिलेल्या घरांना ही मर्यादा नाही, आणि त्यावर तिथे मोठा वाद आहे. पण मला महत्त्वाचं वाटतं ते असं. तोच माणूस घरात राहतोय तोवर मर्यादा आहे. तो गेला आणि नवा आला, की भाडं बाजाराप्रमाणे मोकळं. त्यामुळे १९४० सारखी तारीख जागेला कायमची चिकटत नाही.

हेच तत्त्व आपल्या लिव्ह अँड लायसन्सला लावता येईल, असं माझं सांगणं आहे. कलम २४ ला हात लावू नका. मुदत संपल्यावर घर परत मिळण्याचा मालकाचा हक्क पक्का राहू द्या, कारण तो गेला की घरं पुन्हा कुलुपात जातील. फक्त एवढं ठरवा, की त्याच माणसाशी करार पुन्हा होत असेल, तर वाढ शासनानं दरवर्षी महागाई पाहून जाहीर केलेल्या आकड्याच्या वर नको. नवा माणूस आला तर मोकळीक. नोंदणीची ऑनलाइन व्यवस्था आपल्याकडे आहेच. जुना करार आणि नवा करार एकाच यंत्रणेत असतात, वाढ किती झाली हे तपासायला निरीक्षक नेमावा लागणार नाही.

यावर रास्त आक्षेप येतो, की मग मालक दरवेळी माणूसच बदलतील. काही बदलतीलही. पण हिशेब करा. २५ हजारांच्या घरात पाच टक्के जास्त मिळावेत म्हणून माणूस बदलला, तर वर्षाचे १५ हजार वाढतात. घर एक महिना रिकामं राहिलं की २५ हजार गेले. वर रंगकाम आणि जिथे मालकालाही दलाली द्यावी लागते तिथे दलाली. शहाणा मालक चांगला माणूस टिकवायलाच पाहील. शिवाय तीन वर्षांचा करार करणाऱ्या मालकाला मालमत्ता करात थोडी सवलत दिली, तर हे आणखी सोपं होईल. जुन्या प्रमाण भाड्याच्या इमारतींचा प्रश्न यानं सुटणार नाही. तो पुनर्विकासाशी बांधलेला आहे आणि त्याला वेगळं व्याख्यान लागेल.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. विधानसभेत हा विषय जावा म्हणून वकील संघटना, घरमालकांच्या संघटना आणि भाडेकरूंच्या संघटना यांनी एकत्र बसावं, अशी माझी या व्यासपीठावरून विनंती आहे. आजवर त्या समोरासमोर आल्या त्या कोर्टातच. आमदारांकडे जाताना एकच प्रश्न घेऊन जा: भाडेकरूला कलम ११ आहे, परवान्यावर राहणाऱ्याला काय आहे?

तोवर जे आपल्या हातात आहे ते करू या. इथे बसलेल्या मालकांनी पुढच्या करारात वाढीचा आकडा लिहिण्याआधी समोरच्याला तो सांगावा, का हवा तेही सांगावं, आणि मुदत संपायच्या दोन-तीन महिने आधी लेखी कळवावं. आणि जे भाड्यानं राहतात त्यांनी, एजंट यंत्र पुढे करील तेव्हा, त्याला थांबवून नूतनीकरणाचं कलम मोठ्यानं वाचायला लावावं. दहा टक्के लिहिलेले असतील आणि परवडणार नसतील, तर ते अंगठा देण्याआधी बोला. त्या क्षणी आकडा बदलता येतो, नंतर बदलत नाही.